राउटर सारखा रीसेट करावा लागतो, नेमकं बिघडतं काय?

मंदगती

फायबरचं कनेक्शन आहे. कंपनीने दिलेल्या एकाच डब्यात ओएनटी (फायबरची तार जिथे जोडतात तो भाग) आणि राउटर दोन्ही आहेत, पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात शिरायच्या पद्धतीचं) लॉगिनही त्यातच भरलेलं. संध्याकाळ झाली की नेट अडतं. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात, पण खाली 'इंटरनेट नाही' असा शेरा. डब्यावरचे दिवे मात्र जसेच्या तसे हिरवे. बंद करून चालू केलं की काही तास सुरळीत, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरात आता टाचणी घालून रीसेट मारायचीच सवय पडली आहे आणि दरवेळी यूजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव सगळं नव्याने भरावं लागतं.

जाणकारांना विचारायचं आहे:
सारखं रीसेट केल्याने डब्याला काही इजा होते का? नुसतं बंद-चालू करणं आणि टाचणीने रीसेट करणं यात फायद्याच्या दृष्टीने फरक आहे का? आणि रोज पहाटे आपोआप बंद-चालू करणारा टायमरचा प्लग लावला तर काम भागेल का? डबा बदलायच्या आधी काय काय तपासावं ते सांगा. आगाऊ धन्यवाद.

---

पोर्ट४४३

आधी टाचणी लपवून ठेवा.

बंद-चालू केल्याने राउटरची रॅम रिकामी होते. अडकलेल्या प्रोसेस, भरलेले तक्ते, जुनी पीपीपीओई सेशन, सगळं जातं. टाचणीचा रीसेट हे करतोच, वर फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवलेली तुमची सेटिंगही पुसतो. म्हणजे बंद-चालू करून जे सुटतं तेच रीसेटने सुटतं, फक्त लॉगिन, व्हीलॅन आयडी (कंपनीच्या लाइनसाठी ठरलेला क्रमांक) आणि वायफायचं नाव हकनाक गमावून. रीसेटची खरी गरज दोन-तीनच प्रसंगी पडते: ॲडमिन पासवर्ड विसरला, सेटिंगमध्ये कुणीतरी घोळ घातला, किंवा फर्मवेअर (डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर जुनी सेटिंग नव्याशी जुळेना. बाकी वेळी नाही.

इजेचं म्हणाल तर रीसेटने हार्डवेअर झिजत नाही. धोका वेगळाच आहे. डबा पुन्हा कारखान्यातल्या पासवर्डवर येतो, बंद केलेलं डब्ल्यूपीएस (पासवर्ड न भरता वायफाय जोडायची सोय) परत चालू होतं आणि घाईत ते तसंच राहून जातं. कंपनीच्या डब्यांत आणखी एक भानगड. काही कंपन्या टीआर-०६९ (दुरून डबा सांभाळायची पद्धत) वरून सेटिंग आपोआप परत पाठवतात, काही पाठवत नाहीत. पाठवत नसतील आणि व्हीलॅन आयडी पुसला गेला, तर लॉगिन बरोबर भरूनही नेट येणार नाही. सेटिंगमध्ये 'बॅकअप' असेल तर ती फाइल आजच उतरवून ठेवा.

आता मुद्द्याचं. बंद-चालू केलं की पुरावा पुसला जातो. घरगुती राउटरचा लॉग बहुधा रॅममध्येच असतो. नेट अडलं की पहिला हात बटणाकडे जातो आणि ते का अडलं हे सांगणारी एकमेव नोंद त्याच क्षणी नाहीशी होते. म्हणून पुढच्या वेळी नेट अडलेलं असतानाच, काहीही बंद न करता, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. तुमच्या डब्याचा पत्ता वेगळा असेल तर तो तळाच्या स्टिकरवर मिळेल. तिथे दोन आकडे बघा: सिस्टिम अपटाइम (डबा किती वेळ चालू आहे) आणि वॅन अपटाइम (बाहेरची लाइन किती वेळ जोडलेली आहे).

दोन्ही थोडे असतील, म्हणजे काही मिनिटांचेच, तर डबा स्वतःच रीस्टार्ट होतोय. संशय अडॅप्टरवर किंवा उष्णतेवर. सिस्टिम भरपूर आणि वॅन थोडा असेल तर डबा ठणठणीत आहे, बाहेरची लाइन किंवा लॉगिन तुटतंय. दोन्ही भरपूर आणि तरीही नेट नाही, तर राउटरच्या आतलं काहीतरी तुंबलंय: डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), पत्त्यांचा साठा किंवा नॅटचा तक्ता (घरातल्या सगळ्या कनेक्शनची नोंद). दिवे हिरवेच राहतात म्हणताय, त्यावरून मला हा तिसरा प्रकार वाटतो, पण आकडे बघितल्याशिवाय छातीठोक सांगत नाही.

त्याच पानावर लॉग उघडा आणि नेट अडलेलं असतानाच कॉपी करून ठेवा. तुमचा लॉग रीस्टार्टनंतरही टिकत असेल आणि त्याच्या मधेच १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसली तर तिथे डबा रीस्टार्ट झालाय असं समजा. बहुतेक राउटरांत घड्याळाची बॅटरी नसते. नेटवरून वेळ मिळेपर्यंत ते तिथूनच मोजायला लागतात.

मग लॅपटॉपवरून, जमल्यास केबल लावून, ओळीने तीन पिंग (पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं). आधी १९२.१६८.१.१. उत्तर नाही आलं तर घोळ वायफायचा किंवा घरातल्या जाळ्याचा. मग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर). इथे अडलं तर डब्याच्या पुढे काहीतरी तुटलंय. शेवटी एखाद्या साइटचं नाव. आकड्यांना उत्तर येतं, नावाला येत नाही, तर डीएनएस. तसं असेल तर लॅपटॉपवर डीएनएस हाताने १.१.१.१ भरून बघा. लगेच चाललं तर राउटरचा डीएनएस लटकलाय.

---

तांब्याची_तार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सारखं बंद-चालू केल्याने पलीकडे काय होतं ते सांगतो, कारण ते सहसा कुणी लक्षात घेत नाही.

पीपीपीओईत तुमचं सेशन कंपनीच्या सर्व्हरवर उघडलेलं असतं. प्लग खेचला की डब्याला 'मी चाललो' असा निरोप पाठवायला वेळच मिळत नाही. सर्व्हर ठरावीक अंतराने विचारणा करतो, उत्तर येत नाही म्हणून काही मिनिटांनी सेशन मोडतो. एका लॉगिनवर एकच सेशन असा नियम असेल तर तोवर नवीन लॉगिन नाकारलं जातं. इकडे माणूस 'अजून लागलं नाही' म्हणून पुन्हा प्लग खेचतो. म्हणून आधी वॅनच्या पानावर 'डिस्कनेक्ट' दाबा, मग बंद करा, पूर्ण अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. लगेच चालू केलं तर कपॅसिटरमधल्या उरलेल्या चार्जवर रॅम धड रिकामी होत नाही. चालू केल्यावरही दिवे स्थिरावेपर्यंत हात लावू नका.

फायबरच्या ओएनटीला आणखी एक सोय असते. वीज जाताना शेवटच्या क्षणी तो पलीकडच्या ओएलटीला (कंपनीकडच्या यंत्राला) 'डाइंग गॅस्प' हा इशारा पाठवतो. कंपनीच्या पडद्यावर त्याची नोंद 'ग्राहकाकडची वीज गेली' अशी उमटते. तुम्ही दिवसभर प्लग काढत बसलात की तक्रार केल्यावर उत्तर मिळतं, 'तुमच्याकडे लाइट जाते.' त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते खरंही असतं!

ज्यांच्याकडे अजून टेलिफोनच्या तारेवरचं डीएसएल आहे त्यांनी तर जास्तच जपावं. एक्स्चेंजकडे लाइनवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल तर सारखं सिंक (एक्स्चेंजशी जुळणी) तुटणं म्हणजे लाइन अस्थिर, असा ती अर्थ लावते आणि वेग कमी करून नॉइज मार्जिन (गोंगाटासाठी राखलेली मोकळीक) वाढवते. म्हणजे वेग वाढावा म्हणून केलेल्या रीस्टार्टनेच वेग घटतो.

टायमरच्या प्लगचं उत्तर यातच आलं. तुमचा त्रास संध्याकाळचा, मग पहाटे बंद-चालू करून काय हशील? डब्यात 'शेड्यूल्ड रीबूट' असेल तर तोच वापरा, तो नीट आवरून मगच बंद होतो. नेट गेलं की आपोआप वीज तोडणारे जे प्लग मिळतात त्यांच्यापासून तर चार हात लांब. फर्मवेअर अपडेट चालू असताना त्याने वीज तोडली की डब्याची वीटच झाली.

---

ओमचा_नियम

दोन्ही अपटाइम थोडे निघाले तरच हे वाचा.

अडॅप्टर मोकळा मोजू नका. मोकळा मेलेला अडॅप्टरही १२ व्होल्ट दाखवतो. डीसीचा स्प्लिटर लावून डबा चालू असताना, वायफायवरून मोठी फाइल उतरत असताना मोजा. १२ व्होल्टचा अडॅप्टर ११.४ च्या खाली जात असेल किंवा आकडा नाचत असेल तर आतले कपॅसिटर सुकलेत. वायफायवर भार आला की व्होल्टेज बसतं आणि डबा रीस्टार्ट होतो. संध्याकाळी जास्त उपकरणं, म्हणून संध्याकाळी जास्त त्रास. लोक खापर मात्र लाइनवर फोडतात.

बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी २ अँपिअर चालतो, उलट नाही. पिनची ध्रुवता स्टिकरवरच्या चित्रात बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना सारख्याच दिसतात, पण आतलं भोक एकीचं २.१ आणि दुसरीचं २.५ असतं. २.५ ची पिन २.१ च्या डब्यात सैल बसते आणि डबा जरा हलवला की बंद पडतो.

उष्णता: बहुतेक घरगुती डबे ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. टीव्हीमागच्या बंद कप्प्यात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असेल तर आधी तिथून हलवा.

---

मंदगती

सर्वांचे आभार. नेट अडलेलं असताना काही बंद न करता बघितलं. सिस्टिम अपटाइम आणि वॅन अपटाइम दोन्ही भरपूर, जवळपास सारखेच. १९२.१६८.१.१ ला उत्तर लगेच येतं. ८.८.८.८ चा पिंग विंडोजवर आधीपासून चालू ठेवला होता, तो एकदाही तुटला नाही! पण कुठलंही नवीन पान उघडत नव्हतं. गंमत म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या खोलीत चालू असलेला व्हिडिओ कॉल मजेत चालू होता. डीएनएस हाताने भरूनही फरक नाही. लॉगमध्ये एकच ओळ शेकड्याने: 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट'.

एक सांगायचं राहिलं. घरात फाइल साठवायचा एनएएस आहे, त्यावर टोरंट दिवसभर चालू असतं.

---

पोर्ट४४३

सापडला चोर. आता रीसेटचं नाव काढू नका.

घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने जातात. आलेलं उत्तर कुणाला द्यायचं हे कळावं म्हणून राउटर प्रत्येक कनेक्शनची नोंद तक्त्यात ठेवतो. या तक्त्याला कमाल मर्यादा असते आणि स्वस्त डब्यांत ती काही हजारांवर संपते. तक्ता भरला की आधीच्या नोंदी चालत राहतात, नवीन नोंदीला जागा नाही. म्हणून कॉल चालू आणि पान बंद. डीएनएसची प्रत्येक विचारणाही नवीन नोंदच मागते, त्यामुळे सर्व्हर बदलून काही होत नाही.

पिंगने तुम्हाला चकवलं त्याचं कारणही हेच. चालू पिंगची नोंद तक्त्यात आधीच होती. विंडोजचा पिंग दरवेळी तोच आयडी वापरतो, त्यामुळे बंद करून लगेच त्याच पत्त्यावर पुन्हा सुरू केला तरी जुन्याच नोंदीवरून जाऊ शकतो. अशा वेळी आधी कधी न वापरलेल्या पत्त्यावर पिंग करायचा, उदाहरणार्थ ९.९.९.९. तो अडला आणि ८.८.८.८ चालला, तर तक्ता भरलाय हे नक्की.

तक्ता भरायला काही तास का लागतात? टोरंट शेकडो अनोळखी यंत्रांशी बोलतं. त्यातली बरीच निरोप न घेता गायब होतात. कनेक्शन रीतसर बंद झालं तर नोंद लवकर जाते, पण समोरचा नुसताच नाहीसा झाला तर राउटर मुदत संपेपर्यंत वाट बघतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये जुळलेल्या टीसीपी (आधी जोडणी जुळवून मग बोलायची पद्धत) कनेक्शनची ही मुदत ४,३२,००० सेकंद आहे, म्हणजे ५ दिवस! कंपनीने फर्मवेअर बनवताना हा आकडा तसाच ठेवला असेल तर मेलेल्या नोंदी थरावर थर साचत जातात. त्यात संध्याकाळी सगळ्यांचे मोबाइल घरी आले की उरलेली जागाही संपते.

काय करायचं: टोरंटच्या सेटिंगमध्ये एकूण कनेक्शन १०० वर आणा, एका टोरंटमागे ३० पुरेत. डीएचटी (टोरंटला इतर यंत्रं शोधून देणारी सोय) बंद करता आलं तर करा. ते यूडीपीवरून (जोडणी न जुळवता पाठवायच्या पद्धतीने) सतत नवनवे पत्ते धुंडाळत असतं. वेग घटेल अशी भीती नको, घरगुती लाइन भरायला एवढी कनेक्शन सहसा पुरतात. मग डबा एकदा, शेवटचा, रीतसर बंद-चालू करा. जुन्या नोंदी लगेच जायला दुसरा उपाय नाही.

डब्यात टीसीपीची मुदत बदलायची सोय असेल तर ७,४४० सेकंद ठेवा. २००८ च्या आरएफसी ५३८२ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये याहून कमी नसावी असं म्हटलंय, म्हणजे २ तास ४ मिनिटं. १०-१५ मिनिटांवर आणायचा मोह होईल, पण मग ज्यांची कनेक्शन बराच वेळ गप्प असतात ती तुटायला लागतील. ऑफिसचं रिमोट लॉगिन त्यात पहिलं.

एवढं करूनही तक्ता भरत असेल तर डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे देतो) टाकून मागे स्वतःचा राउटर लावा. पीपीपीओई आणि नॅट दोन्ही नव्या राउटरवर जातात, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवायचा. ब्रिज मोड बऱ्याचदा कंपनीलाच उघडून द्यावा लागतो. नवीन राउटर नुसता लॅन पोर्टला लावून उपयोग नाही. दुहेरी नॅट होईल आणि जुना तक्ता तसाच भरत राहील.

---

निळा_दिवा

मंदगती यांचं निदान झालं, पण हाच धागा शोधत येणाऱ्या इतरांसाठी वायफायचे दोन प्रकार लिहून ठेवतो. दोन्ही बंद-चालू केल्यावर 'बरे' होतात.

पहिला, फक्त ५ गिगाहर्ट्झचं नाव मधेच गायब होतं, २.४ चं चालू असतं. चॅनेल बघा. ५२ ते १४४ मधलं असेल तर तो पट्टा रडारशी वाटून घेतलेला आहे. रडारसारखा सिग्नल दिसला की राउटरला तिथून हटावं लागतं, आणि त्या पट्ट्यातल्या नव्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. म्हणूनच रीस्टार्टनंतर ५ गिगाहर्ट्झ उशिरा दिसतं. ते बिघडलंय समजून लोक त्या एका मिनिटातच पुन्हा बटण दाबतात! चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ पक्कं करून टाका. २.४ साठी १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ.

दुसरा, जुनी उपकरणं चालतात पण नवीन मोबाइल 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकतो, किंवा लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. डीएचसीपीने (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने) द्यायचे पत्ते संपलेत. काही डब्यांत १०० ते १५० एवढाच साठा दिलेला असतो. हल्लीचे मोबाइल वायफायला खरा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) न देता बनावट देतात. तो एकाच जाळ्यावर सहसा तोच राहतो, पण रीसेटनंतर वायफायचं नाव बदललंत की मोबाइल नवा बनावट पत्ता घेऊन येतो. पत्त्यांची यादी पुसली गेली नसेल तर जुन्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडून राहतो. साठा २ ते २५० करा. प्रिंटर, कॅमेरा यांना हाताने पत्ते दिले असतील तर तेवढे वगळून.

अवांतर: रीस्टार्ट पुरत नाही आणि रीसेटच लागतो असं एक खरं उदाहरण आहे. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर जगभरच्या घरगुती राउटरांत सापडलं, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद-चालू करायला सांगितलं होतं. पण त्याचा पहिला टप्पा फ्लॅशमध्ये दडलेला असायचा, बंद-चालू करूनही उरायचा. तो काढायला रीसेट, लगोलग नवं फर्मवेअर आणि नवा ॲडमिन पासवर्ड, याच क्रमाने. रीसेटने फर्मवेअर जुनं होत नाही आणि नवंही होत नाही, आहे तेच राहतं.

---

मंदगती

टोरंट १०० वर आणलं, डीएचटी बंद केलं. संध्याकाळी नेट अडलं नाही. पण नोंदी अजूनही हळूहळू वाढताना दिसतात. डब्यात एकूण 'ॲक्टिव्ह सेशन' चा आकडा आहे, कुठल्या उपकरणाच्या किती ते दिसत नाही. आणखी कोण खातंय हे कसं शोधायचं?

---

पोर्ट४४३

एकेक उपकरण तोडून आकडा बघत जायचं, पण लगेच घट दिसणार नाही हे धरून चला. यूडीपीच्या नोंदी दोन-तीन मिनिटांत उतरतात, टीसीपीच्या मुदतीपर्यंत राहतात. म्हणून किती घटलं हे न बघता *वाढ थांबली का* ते बघा. एक उपकरण वायफायवरून काढा, दहा मिनिटांत आकडा किती वाढतो ते लिहून ठेवा, परत जोडा, मग पुढचं. सुरुवात कॅमेरे आणि टीव्हीच्या डब्यांपासून करा. कॅमेऱ्याला त्याचा सर्व्हर सापडत नसेल तर तो दर काही सेकंदांनी नवीन कनेक्शन उघडत बसतो. एनएएसवर टोरंट सोडून बॅकअप किंवा बाहेरून बघायची सोय चालू असेल तर तीही बघा.

आणि एक. आकडा हजाराच्या आतच असताना नेट पुन्हा तसंच अडलं, तर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुमच्या पुढे कंपनीचंही एक नॅट आहे आणि तिथे दर ग्राहकामागे पोर्टची (कनेक्शनला दिल्या जाणाऱ्या क्रमांकांची) मर्यादा असू शकते. ती भरली तरी लक्षणं हुबेहूब हीच, आणि बंद-चालू केल्यावर नवीन सेशनला नवे पोर्ट मिळतात म्हणून काही वेळ बरंही वाटतं. फरक एवढाच की तेव्हा लॉगमध्ये 'टेबल फुल' नसेल. तसं झालं तर वेळ, वॅनचा पत्ता आणि सेशनचा आकडा तिन्ही टिपून तक्रारीत द्या, आणि त्यांनी 'राउटर रीसेट करून बघा' म्हटलं तरी आधी तक्रार क्रमांक मागा.